लेखकांच्या यादीवर हरकती

सारांश

शोधनिबंधाचा सारांश सगळ्यात आधी छापतात आणि सगळ्यात शेवटी लिहितात. आपण अजून पहिल्याच ओळीवर आहोत. तेव्हा ही जागा तूर्त मोकळी.

प्रस्तावना

देवाजी मुनेश्वर सर आदिलाबादच्या एका डिग्री कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. मेंदू म्हणजे काय, स्मरण कसं होतं, विसरणं कशाने होतं, हे त्यांनी उभ्या नोकरीत इतक्यांदा फळ्यावर लिहिलं होतं की खडू हातात घेतला की तो आपोआप मेंदूचा आकार काढी. पण हे सगळं दुसऱ्यांचं. अमका म्हणतो, तमक्याने दाखवलं आहे, ढमक्याच्या मते. निवृत्ती दिसू लागली तेव्हा सरांच्या मनाने घेतलं की एकदा तरी कुणीतरी कुठेतरी 'मुनेश्वर म्हणतो' असं लिहावं. जगाच्या पाठीवर कुठेही चालेल, फक्त छापील पाहिजे.

विषय त्यांना गल्लीतच मिळाला. माणसाला माणसाचं नाव का आठवत नाही? चेहरा आठवतो, धंदा आठवतो, त्याच्या मेव्हण्याची म्हैस कोणाच्या वावरात शिरली होती तेही आठवतं. नाव तेवढं जिभेच्या टोकावर येऊन बसतं आणि खाली उतरत नाही. परदेशी विद्वानांनी यावर पुष्कळ काम केलं होतं, पण नटनट्यांचे आणि पुढाऱ्यांचे फोटो दाखवून. सरांनी ते राहत त्या मावल्यातल्या शेजाऱ्यांचेच फोटो काढले, शेजाऱ्यांनाच दाखवले, आणि नाव यायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजलं.

निबंध परदेशातल्या एका नियतकालिकाकडे गेला, आणि बऱ्याच महिन्यांनी 'काही दुरुस्त्यांसह स्वीकारण्याजोगा' असा निरोप आला. सर मुळात बोलके नव्हते. पण त्या सकाळी ते बिनसाखरेचा चहा शेवटच्या घोटापर्यंत पिऊन गेले आणि वर "छान झाला" म्हणाले. त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाईंनी साखरेचा डबा जागेवर ठेवला आणि विचारलं, "काय झालं?"

त्यांना सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांनी फक्त प्रयागबाईला सांगितलं.

पद्धती

पुरुषांची चाचणी सरांनी घेतली, मारोतरावांच्या मंडप डेकोरेशनच्या गोडाऊनपुढे, मारोतरावांच्याच खुर्च्यांवर. बायकांची घ्यायला गेले तेव्हा प्रत्येकीने पदर सारखा केला, फोटो बघितला आणि "सर, तुमाले तं सगळंच मालूम हाय" म्हणून फोटो परत दिला. म्हणून ते काम चंद्रभागाबाईंकडे आलं. मेथी निवडताना, पापड लाटताना, विहारात रविवारी वंदनेनंतर, जिथे बायका तिथे त्या फोटोंची पिशवी घेऊन जात.

प्रयागबाई, म्हणजे समोर राहणारी, मळ्याचं माळवं विकणारी, हिला धोंडीबाचा फोटो दाखवला. धोंडीबा म्हणजे तिचा नवरा. प्रयागबाई हसली. घड्याळ चालू. तिने भाजीवर पाणी शिंपडलं. घड्याळ चालूच. शेवटी म्हणाली, "हे आमच्या संतोषचे बाप."

सरांच्या तक्त्यात दोनच रकाने होते, 'आठवले' आणि 'आठवले नाही'. त्यांनी दुसऱ्यात खूण केली.

"असं कसं?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. "धोंडीबा बाजूलेच बसून कांदे भरून राह्यले व्हते. ते काय इसरली नाई. घेत नाई ते."

"पण नाव आलं नाही ना."

"आलं ना. तोंडातच हाय. मले दिसून राह्यलं व्हतं." आणि त्यांनी पट्टी न वापरता एक तिसरा रकाना ओढला. वर लिहिलं: 'येते, घेत नाही'.

सरांना ती तिरपी रेघ खटकली. मग त्यांनी सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या, आणि जुन्या बायकांचं निम्मं विसरणं त्या रकान्यात जाऊन बसलं. परीक्षकांनी नेमक्या याच रकान्याची पाठ थोपटली. नाव न आठवणं आणि आठवलेलं नाव न उच्चारणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या करण्याची कल्पना लेखकाला सुचली हे कौतुकास्पद आहे, असं त्यांनी लिहिलं. सरांनी ते वाक्य इतक्या वेळा वाचलं की ती कल्पना आपल्यालाच सुचली होती असं त्यांना वाटू लागलं. मेंदूत मालकी फार लवकर बदलते. सातबाराला लागतो तेवढाही वेळ लागत नाही.

लेखक

शेजारचे सुधाकरराव निवृत्त गिरदावर. महसुलात त्यांनी गावोगावच्या जमिनी मोजल्या, पहाण्या केल्या, आणि आता गल्लीतल्या लग्नपत्रिका करून देत. पत्रिकेत कोणाचं नाव विनीतमध्ये, कोणाचं स्नेहांकितमध्ये, कोणते जावई एका ओळीत बसतात आणि कोणते बसवले तर मांडवात बसत नाहीत, हे सगळं त्यांच्याकडे. जुन्या पत्रिकांचं त्यांच्याकडे एक कपाट होतं, आणि नवी पत्रिका करताना ते ती समोर पसरल्याशिवाय पेन उघडत नसत.

ते संध्याकाळी आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "अभिनंदन. नावं कोणाकोणाची टाकली?"

"माझं," सर म्हणाले.

"आन्?"

"माझंच."

सुधाकररावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पहाणीत बेकायदा बांध दिसला की ते असंच करत. "सर, एकट्याचं नाव असलं का लोकायले वाटते घरात भांडन हाय."

"तसं नसतं. ज्याने संशोधन केलं त्याचं नाव."

"उत्तरं कोनाची हायेत?"

"लोकांची."

"खुर्च्या कोनाच्या?"

"मारोतरावांच्या."

"जवाब लोकायचे, खुर्च्या मारोतरावच्या, आन् मिसलच्या फायलीवर नाव तुमचं एकट्याचं. मी नोकरीत असतो तं म्या हे कागद मंजूर नसता केला."

आता इथे सरांनी शांतपणे समजावून सांगायला हवं होतं. पण या प्रश्नात त्यांना थोडं तथ्य वाटलं. शिक्षक माणसाचं हेच होतं. प्रश्न चांगला असला की उत्तराची बाजू सोडून तो प्रश्नाकडे जाऊन उभा राहतो. ते म्हणाले, "दोन-चार नावं घालता येतील."

"बस. यादी मी करतो."

सुधाकररावांनी यादी केली ती महसूल खात्याच्या रीतीने. म्हणजे आधी कच्ची यादी, मग ती किराणा दुकानाच्या खांबावर, आणि खाली: 'कोणास हरकत असल्यास लेखी कळवावे.' त्यांच्या सगळ्या नोकरीत अशा सूचनेला क्वचितच कोणी उत्तर दिलं होतं. इथे पहिल्याच दिवशी खांबापुढे गर्दी झाली.

एकाची हरकत, धाकट्या भावाचं नाव थोरल्याच्या आधी. एकीची, सुनेचं आहे आणि माझं नाही, मी काय पाहुणी आहे का? गुडीहत्नूरला दिलेल्या एका लेकीने फोनवरून हरकत घेतली, की मी दिवाळीला आले होते तेव्हा मलाही फोटो दाखवले होते आणि मी बरोबर सांगितली होती सगळी. एक तेलुगू मास्तर सौम्यपणे म्हणाले की नावं तेलुगूतही असावीत. मारोतरावांनी लेखी दिलं की नाव वर-खाली कुठेही चालेल, पण 'मारोती मंडप डेकोरेशन' हे पूर्ण यावं.

"सर, सगळ्या हरकती दाखल करून घेतल्या," सुधाकरराव म्हणाले. यादी आता पाठपोट झाली होती. दुसऱ्या क्रमांकावर सुधाकररावांचं स्वतःचं नाव होतं. सरांनी ते पाहिलं आणि यादी ठेवून घेतली. भौतिकशास्त्राच्या निबंधांना शेकडो लेखक असतात हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि त्या रात्रीपुरतं ते भौतिकशास्त्रज्ञ झाले.

*टीप.* नियतकालिकाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक लेखकाने नेमकं काय केलं ते लिहावं लागतं. सुधाकररावांनी तोही मजकूर दिला. नमुना: 'मारोतराव: आसनव्यवस्था. प्रयागबाई: चहा व उत्तरे. धोंडीबा: फोटो. सुधाकरराव: सर्वसाधारण देखरेख.' सरांनी याचं इंग्रजी भाषांतर केलं. इंग्रजीत ते बरंच भारदस्त दिसलं, हाच घात झाला.

पत्रव्यवहार

प्रत्येक लेखकाचा ईमेल पाहिजे होता. गल्लीत तो क्वचितच कोणाकडे. प्रयागबाईचा संतोष चौकात ऑनलाइन अर्जांचं दुकान चालवी. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, परीक्षेचे फॉर्म. त्याने एका दुपारी दुकानापुढे रांग लावून सगळ्या लेखकांचे ईमेल काढून दिले. सासवांनी सुनांचे जन्मदिनांक सांगितले, सुनांनी सासवांचे दुरुस्त केले.

नियतकालिकाच्या यंत्राने त्या सगळ्यांना पत्रं धाडली, की आपण या निबंधाचे लेखक आहात, खालील दुव्यावर दाबून खात्री करावी.

आता हल्ली कोणालाही फोन लावा, आधी एक बाई बजावते की अनोळखी दुव्यावर दाबू नका. ती बाई रोज ऐकून ऐकून गल्लीत सगळ्यांना पाठ झाली होती. संतोषच्या दुकानात पहिलं पत्र उघडलं ते मारोतरावांचं. इंग्रजी, परदेशातलं, आणि खाली निळा दुवा.

"दाबू नको," मारोतराव म्हणाले. "माझ्या साडभावानं असंच दाबलं व्हतं."

"मामा, सरायच्या निबंधाचं असन."

"सरायचं नाव घेऊनच फसवतेत. चोराले मालूम राह्यते आपन कोनाले मानतो ते." आणि त्यांनी संतोषकडून उत्तर टाइप करून घेतलं: आम्ही तुम्हाला ओळखत नाही, देवाजी नावाच्या कोणालाही ओळखत नाही, पुन्हा पत्र पाठवाल तर पोलिसात देऊ. मजकूर इतका पसंत पडला की बाकीच्यांनीही तोच पाठवला.

संपादकबाईंचं पत्र आलं ते अतिशय नम्र होतं. इंग्रजीतल्या नम्रतेला सर नेहमीच घाबरत. त्यांनी लिहिलं होतं की आपल्या सर्व सहलेखकांचे पत्ते एकाच यंत्रावर, एकाच दुपारी उघडलेले दिसतात. शिवाय त्यांच्यापैकी बहुतेकांनी आपल्याला ओळखण्यास नकार दिला आहे. ज्यांनी प्रत्यक्ष काम केलं त्यांचीच नावं ठेवावीत. वगळलेल्या प्रत्येकाची, नाव काढण्यास हरकत नसल्याची, सही पाठवावी. न जमल्यास निबंधाचा विचार करता येणार नाही.

सरांनी पत्र मिटलं. निबंध गेल्यात जमा होता. आणि वाचवायचा तर ज्या गल्लीत त्यांना निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य काढायचं होतं, तिथे घरोघर जाऊन सांगायचं होतं की तुमचं नाव काढतो आहे, इथे सही करा.

खारीज

पत्रिकेत नाव राहून गेलं तर माणूस रुसतो. छापलेलं नाव खोडलं तर काय करतो याचा अनुभव गल्लीत कोणालाच नव्हता, कारण असं कोणी केलंच नव्हतं.

चंद्रभागाबाई सोबत आल्या. पहिलं घर प्रयागबाईचं.

"नाव काढता?" प्रयागबाई म्हणाली. "काऊन? आमी मेलो का?"

"तसं नाही बाई, नियम आहे."

"चढवाच्या वक्ती कोठी गेलता नियम? माहेरी फोन करून सांगतलं म्या. भाऊ पेढे घेऊन येऊन राह्यला निर्मल गावावरून."

"पेढे खाऊन घेऊ," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "सई तेवढी दे."

"तुमचंबी काढून राह्यले का?"

"माझं नव्हतंच वं."

प्रयागबाई थांबली. तिने सरांकडे पाहिलं, मग चंद्रभागाबाईंकडे. "सगळ्यात जास्त तं तुमीच फिरल्या." सही केली नाही, दार लोटून घेतलं.

सर रस्त्यात उभे राहिले. यादीत गुडीहत्नूरची लेक होती, मंडप डेकोरेशन होतं, आणि फोटोंची पिशवी घेऊन उन्हात फिरलेली बाई नव्हती. ना त्यांना आठवलं, ना सुधाकररावांना, ना हरकती घेणाऱ्या एवढ्या मंडळींतल्या कोणाला. विसरण्यावर निबंध लिहिणाऱ्या माणसाला हे लाजिरवाणं होतं, आणि त्यात शास्त्रीय असं काहीच नव्हतं.

"तुझं नाव घालतो," ते म्हणाले.

"बिलकुल नका. सगळ्यायची नावं काढली आन् बायकोचं टाकलं, असं म्हनतीन. मले इथंच राहा लागते."

"पण रकाना तुझा आहे."

"असू द्या. रकाना काय खाते का?"

त्या एका घरावरच थांबून दोघं परत आले. संध्याकाळी सर सुधाकररावांकडे गेले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. सुधाकररावांनी ऐकून घेतलं, चष्मा खिशात ठेवला, आणि म्हणाले, "नाव चढवाले अर्ज पुरते. खारीज कराले सुनवाई लागते."

सुनावणी मारोतरावांच्या गोडाऊनपुढे झाली. खुर्च्या होत्याच. सगळे लेखक हजर. सर उभे, कारण ज्याच्यावर हरकत तो उभा राहतो.

"सांगा," सुधाकरराव म्हणाले. "बायायच्या घरी सवाल घेऊन कोन गेलं?"

"आमची मंडळी."

"नाव सांगा. मिसलमध्ये मंडळी चालत नाई."

"चंद्रभागा."

"तिकडच्या सायबायले जे पसंत पडलं, ते तिसरं खानं कोनाच्या डोक्यातून निंगलं?"

सरांना कॉलेजात कधी घाम आला नव्हता. त्यांनी एकदा आकाशाकडे पाहिलं. परीक्षकांचं ते कौतुकाचं वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. ते आता दुसऱ्याच्या घरी पोचवायचं होतं. "तिच्या," ते म्हणाले. "माझ्या नाही. मी उलट चुकीची खूण केली होती."

"मोठ्यानं सांगा, मांग ऐकू नाई येत," मारोतराव म्हणाले.

"तिच्या डोक्यातून."

गर्दीत बायका एकमेकींकडे पाहून काहीतरी बोलल्या. सुधाकररावांनी हुकूम तोंडी सांगितला आणि संतोषने लिहून घेतला: ज्याअर्थी कब्जा चंद्रभागाबाईचा आहे, त्याअर्थी पहिलं नाव त्यांचं. दुसरं देवाजी सरांचं. बाकी सगळी नावं खारीज.

"आन् हे 'पत्रव्यवहारासाठी लेखक' काय राह्यते?" संतोषने विचारलं.

"म्हंजे टपाल घेनारा. ते सर घेतीन."

"मी म्हणून नाई राह्यली हं," चंद्रभागाबाई सगळ्यांना म्हणाल्या. "हे तुमीच ठरवलं."

"आमीच ठरवलं," प्रयागबाई म्हणाली, आणि पहिली सही तिने केली. मग रांग लागली. मारोतरावांनी सहीखाली दुकानाचा शिक्काही मारला, आणि तो मारू नये असं कोणी म्हटलं नाही. शेवटी सुधाकररावांनी दुसऱ्या क्रमांकावरचं स्वतःचं नाव एका सरळ रेघेने खोडलं आणि खाली सही केली. ती सही फार लांब होती. निवृत्तीनंतर ती कोणी मागितली नव्हती.

आकृती

निबंध छापून आला. सरांनी चांगल्या कागदावर प्रती काढल्या आणि वाटल्या. इंग्रजी कोणी वाचलं नाही. पण तिसऱ्या पानावर एक आकृती होती: आडव्या रेषेवर वय, उभ्या रेषेवर नाव आठवायला लागलेला वेळ, आणि मध्ये विखुरलेले काळे ठिपके.

"हे मुंग्या काय हायेत?" मारोतरावांनी विचारलं.

"एकेक ठिपका म्हणजे एकेक माणूस."

 गोडाऊनपुढे एकदम सगळ्यांनी कागद जवळ घेतले. नावं गेली होती, पण सगळे होते. प्रयागबाईने एक ठिपका बोटाने दाबून धरला आणि तो आपला म्हणून जाहीर केला. त्याच्या बाजूचा धोंडीबाला दिला. "थो खालचा मी," मारोतराव म्हणाले. खालचा म्हणजे झटपट नाव सांगणारा, हे कळल्यावर खालच्या ठिपक्यांना फार मागणी आली. कोणता कोणाचा हे सरांना ठाऊक होतं, आणि सांगणं नियमात नव्हतं. ते फक्त मान हलवत राहिले.

वर, उजव्या कोपऱ्यात, सगळ्यांपासून दूर एक ठिपका होता. इतका वर, की आकृतीची चौकट त्याच्यासाठी वाढवावी लागली होती.

मंडळी पांगल्यावर सुधाकरराव मागे राहिले. त्यांनी कागद सरांपुढे धरला. "हा एकटा कोन हाय?"

सरांना ती दुपार आठवली. संतोषचा फोटो पुढे ठेवला होता, आणि सुधाकरराव सांगत होते: मळ्याकाठचं घर, उत्तरेला नाला, पूर्वेला चंपतचं वावर, बाप धोंडीबा, नाही, थांबा, बाप माळवं विकतो. सगळ्या चतुःसीमा बरोबर आल्या होत्या. मधल्या माणसाचं नाव आलं नव्हतं. ते कोणत्याच फोटोवर वेळेत आलं नव्हतं.

सुधाकरराव सरांच्या तोंडाकडे पाहत होते. 

"माझा आहे तो," सर म्हणाले.

"तुमचा?"

"आधी स्वतःवर करून पाहावं लागतं. नियम आहे."

सुधाकररावांनी हळूहळू कागदाची घडी केली. त्यांचे खांदे खाली आले. मग त्यांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला. "कोनाले सांगू नका. मीबी नाई सांगत. सकायी भिजवलेले बदाम खात जा."

तेव्हापासून सर सकाळी फाटकाशी आले की सुधाकरराव कुंपणापाशी तयार असतात. आवाज मुद्दाम सावकाश, जसा आजाऱ्याशी काढतात तसा.

"नमस्ते सर. मी सुधाकरराव. बाजूच्या घरातला."

"नमस्ते," सर म्हणतात. चंद्रभागाबाई आतून ऐकतात आणि बाहेर येत नाहीत.

परवा तेवढ्यात खुर्च्यांनी भरलेला ऑटो घेऊन मारोतराव समोरून गेले आणि त्यांनी हात केला. सरांना अडचण होऊ नये म्हणून सुधाकरराव लगबगीने कुंपणावर वाकले आणि कानाशी कुजबुजले, "हे आपले... हे खुर्च्यावाले... घर पश्चिमेले, मांगं बोर हाय..."

ते थांबले. ऑटो वळणावर गेला.

"मारोतराव," सर म्हणाले.

सुधाकररावांचा चेहरा खुलला. त्यांनी कुंपणावरून सरांचा हात थोपटला.

"पाहा, येते तुमाले. फक्त जोर नका लावू."